अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे ओढते: दोष कुठे आहे आणि तो कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या चाकांना ताकद मिळणारी साधी हॅचबॅक, साठेक हजार किलोमीटर चाललेली. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सैल सोडलं की गाडी डावीकडे जाते. दोनदा अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग झालं, फरक शून्य. आता गॅरेजवाले स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा दांडा) बदला म्हणतात.

रॅक आत्ता बदलू नका. रॅक खराब झाला की स्टेअरिंगला प्ले (ढिलेपणा) येतो, खडखड येते, गळती होते. गाडी सतत एकाच बाजूला ओढण्याचं कारण रॅकमध्ये सापडणं फार दुर्मीळ. आणि अलाइनमेंटने फरक का पडला नाही, तर आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत अलाइनमेंटच्या वेळी पुढच्या चाकांचा फक्त टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप, बदलता येतो. टो बिघडला तर टायर कडेने झिजतात, स्टेअरिंग वाकडं बसतं, पण गाडी ओढत नाही, कारण चालत्या गाडीत दोन्ही पुढची चाकं टो आपोआप आपसांत वाटून घेतात. म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असं दोनदा झालं आहे. अलाइनमेंट हे या तपासणीचं शेवटचं पाऊल आहे, पहिलं नाही.

सुरुवात रस्त्यापासून करा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार ठेवलेला असतो. डांबरी रस्त्याला तो साधारण २ ते २.५ टक्के, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनमध्ये एक कड दुसरीपेक्षा सात ते नऊ सेंटिमीटर खाली. डोळ्यांना हे जाणवत नाही, पण हजार किलोच्या गाडीला २.५ टक्के उतार सुमारे २५ किलोच्या जोराने कडेला ढकलत असतो. आपण डाव्या बाजूने चालवतो, उतारही डावीकडे, त्यामुळे निरोगी गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. दुभाजक असलेल्या रस्त्यावर बहुतेक वेळा दोन्ही लेनचा उतार बाहेरच्या कडेलाच असतो, म्हणून लेन बदलून पाहणं ही खरी परीक्षा नव्हे. सपाट, मोकळी जागा शोधा. औद्योगिक वसाहतीतला रुंद रिकामा रस्ता रविवारी सकाळी चांगला. एकाच पट्ट्यावर जाताना आणि येताना, दोन्ही वेळा पाहा. वारा जोरात असेल त्या दिवशी चाचणी करू नका.

चाचणी ५० ते ६० च्या वेगात. हात स्टेअरिंगपासून पूर्ण काढायचे नाहीत. बोटं रिमभोवती सैल ठेवायची, लागलं तर लगेच धरता येईल अशी. ताशी ६० ला गाडी सहा सेकंदांत शंभर मीटर जाते. तेवढ्यात ती एक अख्खी लेन ओलांडत असेल तर तो दोष आहे. दहा-बारा सेकंद लागत असतील आणि तेही फक्त डावीकडे, तर बहुधा रस्ताच कारण आहे. गाडीला लेन धरून ठेवणारी यंत्रणा असेल तर चाचणीपुरती बंद करा, नाहीतर ती स्वतः स्टेअरिंग फिरवेल आणि तुम्ही भलत्याच मागे लागाल.

त्याच फेरीत चार गोष्टी लिहून ठेवा. एकसारख्या वेगात ओढते का? ॲक्सिलरेटर दाबल्यावरच ओढते का? ब्रेक दाबल्यावरच का? आणि वळण घेतल्यावर ओढण्याची दिशा बदलते का? या चार उत्तरांवर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. मेकॅनिकला नुसतं 'गाडी ओढते' सांगितलं तर तो अंदाजाने भाग बदलतो. 'ब्रेक दाबल्यावर उजवीकडे झेप घेते' सांगितलं तर नेमकी जागा उघडतो. स्टेअरिंग वाकडं आहे पण गाडी सरळ जाते, ही तक्रार वेगळी आहे. ती टाय रॉडच्या (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या) लांबीची, आणि ती मात्र अलाइनमेंटने सुटते.

तुमची गाडी एकसारख्या वेगात ओढते, म्हणून पहिला संशय टायर. हवा थंड टायरला मोजा, म्हणजे सकाळी, दोन किलोमीटरपेक्षा जास्त न चालवता. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. लहान गाड्यांत बहुधा ३० ते ३६ पीएसआयच्या दरम्यान. पुढच्या दोन टायरमध्ये तीन-चार पीएसआयचा फरक असला तरी कमी हवेच्या बाजूला ओढ लागते. पंपावरच्या मशीनवर फार विश्वास ठेवू नका. स्वतःचा एकच गेज वापरा, कारण इथे खरा आकडा जितका महत्त्वाचा तितकाच दोन्ही बाजूंचा सारखेपणा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला टायर, किंवा एकाच ॲक्सलवर दोन वेगळ्या नक्षीचे टायर असतील तर आधी ते जोडीने सारखे करा.

हवा बरोबर असेल तर पुढची दोन चाकं आपसांत बदला, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. अर्ध्या तासाचं काम, खर्च काहीच नाही, आणि तरी हीच गोष्ट लोक सगळ्यात शेवटी करतात. ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे, हे सिद्ध झालं. ओढ नाहीशी झाली तरी टायरच. ओढ तिथेच राहिली तर टायर निर्दोष, गाडीकडे वळा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाचणीपुरते पाच-सात किलोमीटर, कोरड्या रस्त्यावर, कमी वेगात चालतं. नंतर परत जागेवर लावा. नट ओळीने नव्हे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, शक्यतो टॉर्क पान्याने, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

टायर दिसायला ठणठणीत असून का ओढतो, हे नीट समजून घ्या, कारण टायरवाले हे सहसा मान्य करत नाहीत. रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचा पट्टा असतो. तो बनवताना मध्यापासून जरासा एका बाजूला सरकला की टायरची एक कड दुसरीपेक्षा ताठ होते आणि हवा भरल्यावर टायर किंचित शंकूसारखा वागतो. तळाशी निमुळता स्टीलचा पेला जमिनीवर आडवा सोडून पाहा: तो सरळ जात नाही, निमुळत्या बाजूकडे वळत गोल फिरतो. टायरही तेच करतो. नव्या टायरमध्येही हा दोष असू शकतो. बॅलन्सिंगने तो जात नाही, कारण वजन सारखं असलं तरी आकार सारखा नसतो. असा टायर मागे टाकला की ओढ बहुतेक जाणवेनाशी होते. नवा असेल तर अदलाबदलीचा निकाल सांगून वॉरंटीत बदलून मागा.

टायर निर्दोष ठरला की ब्रेक. आपल्या हवामानात, विशेषतः कोकण किनारपट्टीवर आणि पावसाळ्यानंतर, हे कारण वरचेवर निघतं. पुढचं एक चाक सतत थोडंसं चिकटून राहिलं तर गाडी त्याच बाजूला जाते. इंधन जास्त लागतं, उतारावर गाडी मोकळी धावत नाही, त्या चाकाला जळका वास येतो. तपासायचं असं: दहा किलोमीटर साध्या वेगात चालवा, शेवटचा एक किलोमीटर ब्रेक टाळून गिअर उतरवत या आणि गाडी जवळजवळ आपोआप थांबू द्या. लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही डिस्कचं तापमान मोजा. दहा-पंधरा अंशांचा फरक सोडून द्या. तीस-चाळीसच्या वर असेल तर गरम चाक चिकटतंय. थर्मामीटर नसेल तर हाताची पाठ रिमजवळ नेऊन अंदाज घ्या, डिस्कला हात लावू नका. मग गाडी सपाट जागेवर जॅकवर घ्या, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, न्यूट्रल, आणि खाली स्टँड लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही. चाक हाताने फिरवलं की ब्रेक पॅडची हलकी घासण ऐकू येणं ठीक, पण चाक एक-दोन फेरे सहज फिरलं पाहिजे.

चिकटण्याची जागा तीनपैकी एक असते: स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सरकतो), पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा ब्रेकचा रबरी होज (ऑइलची नळी). निदानाची पद्धत सोपी आहे. मदतनीसाला ब्रेक दाबून सोडायला सांगा. चाक अडकून राहिलं तर कॅलिपरच्या ब्लीडर निपलवर (ऑइल बाहेर काढायच्या छोट्या तोंडावर) पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरा सैल करा. आतून ऑइलचा एक फवारा नळीत आला आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. अशा वेळी एकच चाक अडकत असेल तर होज बदला. त्याचा आतला थर फुगून झडपेसारखा झालेला असतो, दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. बाहेरून होज नवा कोरा दिसतो. दोन चाकं अडकत असतील, दोन्ही पुढची किंवा कर्णातली, तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) आणि पेडलचा फ्री प्ले पाहा. निपल सैल करूनही चाक मोकळं झालं नाही तर जाम यांत्रिक आहे, म्हणजे पिन किंवा पिस्टन. नंतर निपल आवळा, टाकीतली पातळी भरा, आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं असेल तर लगेच पाण्याने धुवा. ते रंग खातं.

कॅलिपर उघडल्यावर पॅड नीट पाहा, ते बरंच सांगतात. आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त झिजलेलं असेल तर पिन सरकत नाहीत किंवा पिस्टन मागे येत नाही. एकच पॅड तिरकं झिजलं असेल तर दोनपैकी एक पिन जाम आहे. पिन हाताने सहज मागेपुढे सरकायला हवी. रबरी टोपी फाटली की आत पाणी जातं, पिन गंजते, पावसाळा संपता संपता अडकते. पिन काढून बारीक पॉलिश पेपरने घासा, खड्डे पडले असतील तर नवीनच घाला, टोपी बदला आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. इथे एक चूक सर्रास होते: बेअरिंगसाठी ठेवलेलं चेसिस ग्रीस पिनला फासतात. त्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि दोन-तीन महिन्यांत पिन पूर्वीपेक्षा घट्ट बसते. काही कॅलिपरमध्ये वरची आणि खालची पिन वेगळी असते, एकीच्या टोकाला रबरी बाही असते. त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. आणि कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. मागची चाकं फिरवून ड्रम आणि हँडब्रेकची केबलही एकदा पाहा. गंजलेली केबल चाक धरून ठेवते, फक्त मागच्या चाकाची ओढ स्टेअरिंगमध्ये कमी जाणवते.

फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर विचार उलटा करा. गाडी ज्या बाजूला जाते ती बाजू चांगला ब्रेक लावत असते. उजवीकडे झेप घेतली तर आधी डावा कॅलिपर तपासा: पिस्टन जाम, पॅडवर तेल किंवा ग्रीस, होज चोंदलेला. ब्रेक निर्दोष निघाले तर लोअर आर्मचं (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या लोखंडी भुजेचं) मागचं बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, पाहा. ते फाटलं की ब्रेक लागताना अख्खं चाक मागे सरकतं आणि गाडी वळते. लोखंडी पहारीने हलका जोर दिला की फाटलेलं बुश उघडं पडतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एकीकडे आणि सोडल्यावर दुसरीकडे जाणं हेही बहुधा याच बुशांचं किंवा इंजिन माउंटचं काम. ताकदवान इंजिन असेल आणि दोन ड्राइव्ह शाफ्टची लांबी वेगळी असेल तर थोडी ओढ मुळातच असते.

वळणावर अवलंबून बदलणारी ओढ एकदा ओळखली की विसरता येत नाही. उजवं वळण घेऊन सरळ झालात की गाडी उजवीकडे ओढते, डावं वळण घेतलं की डावीकडे. इथे स्टेअरिंग परत मध्यावर येत नाही, कुठेतरी अडखळतं. स्ट्रटच्या (चाकाच्या वरचा, स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर असलेला खांब) वरचं बेअरिंग मुख्य संशयित. एकाला स्टेअरिंग हळू फिरवायला सांगा आणि तळहात स्प्रिंगच्या वेटोळ्यावर अलगद ठेवा, बोटं दोन वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका. स्प्रिंग एकसारखी फिरली पाहिजे. ती थोडी पीळ खाऊन 'टक्' करून उडी मारत असेल तर बेअरिंग गेलं. घट्ट बसलेला बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यामधला गोल सांधा) आणि स्टेअरिंगच्या दांड्याचा गंजलेला सांधाही हेच करतो. अलीकडेच लोअर आर्म बदलला असेल तर आणखी एक शक्यता: बुशचे बोल्ट चाकं लोंबकळत असतानाच आवळले असतील. मग गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो. हे बोल्ट सैल करून, गाडीचं वजन चाकांवर असताना पुन्हा आवळावे लागतात.

आता भूमिती. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा झुकाव आणि कास्टर म्हणजे बाजूने पाहिल्यावर स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे कल. नियम दोनच. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन (चाकाचा वरचा भाग जास्त बाहेर झुकलेला), त्या बाजूला गाडी जाते. ज्या बाजूचा कास्टर कमी, त्या बाजूला गाडी जाते. एकेका बाजूचा आकडा कंपनीच्या मर्यादेत असला तरी पुरत नाही. डावं-उजवं यातला फरक अर्ध्या अंशाच्या, म्हणजे ३० मिनिटांच्या वर गेला की ओढ जाणवायला लागते. समजा कागदावर डावा कॅम्बर उणे ०°१०′, उजवा उणे १°००′. डावा कास्टर २°३०′, उजवा ३°२०′. टो दोन्हीकडे शून्य. मशीनवर टोचा रकाना हिरवा, म्हणून 'झालं काम' असं सांगितलं जातं. पण कॅम्बरमध्ये ५० मिनिटांचा फरक डावीकडे, कास्टरमध्ये ५० मिनिटांचा फरक तोही डावीकडे. अशी गाडी डावीकडे जाणारच. तुमच्या दोन्ही अलाइनमेंटचे छापील कागद काढा आणि हे चार आकडे वाचा.

डावीकडचाच कास्टर कमी झालेला का सापडतो, याचं कारण रस्त्याच्या कडेला आहे. कडेचे खड्डे, तुटलेली डांबराची धार, फुटपाथचा दगड, सगळं डाव्या चाकाच्या वाट्याला येतं. जोरात आदळल्यावर लोअर आर्म किंचित मागे वाकतो, चाक मागे जातं आणि कास्टर घटतो. हे मशीनशिवायही दिसतं. स्टेअरिंग सरळ ठेवून टेपने डाव्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून डाव्या मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, मग उजवीकडचं. आठ-दहा मिलिमीटरचा फरक आला तर काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतची उंचीही दोन्हीकडे मोजा. एक सेंटिमीटरच्या पुढे फरक असेल तर एक स्प्रिंग बसली आहे.

कॅम्बर बिघडला असेल तर ऑपरेटरला सांगा की इन्क्लुडेड अँगल, म्हणजे कॅम्बर आणि किंग पिनचा कल (समोरून पाहिल्यावर स्टेअरिंगच्या अक्षाचा झुकाव) यांची बेरीज, दोन्ही बाजूंची दाखवा. बेरीज दोन्हीकडे सारखी असेल तर स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) ठीक आहेत, लोअर आर्म वाकला आहे किंवा खालची सबफ्रेम (आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) नाहीतर वरचा स्ट्रटचा बुरूज सरकला आहे. बेरीज वेगळी असेल तर त्या बाजूचा नकल किंवा स्ट्रट वाकला आहे. सबफ्रेम सरकली असेल तर बोल्ट सैल करून ती मध्यावर आणता येते, नवीन भाग लागत नाही. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर ओढ सुरू झाली असेल तर हे सगळ्यात आधी पाहा, कारण अनेक गाड्यांत त्या कामात सबफ्रेम उतरवावी लागते. वाकलेला आर्म गरम करून, ठोकून सरळ करू देऊ नका. तापवलेल्या लोखंडाची ताकद गेलेली असते आणि त्या आर्मवर तुमचं पुढचं चाक उभं आहे. बदलाच. स्ट्रट आणि नकलच्या बोल्टमधल्या प्लेमुळे कॅम्बर थोडा हलवता येतो, पण तो वाकलेला भाग झाकायला वापरू नये.

सगळं बरोबर निघूनही ओढ उरली तर इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग तपासा. पुढची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, स्टेअरिंग सरळ ठेवा, हात लावू नका आणि इंजिन चालू करा. स्टेअरिंग आपोआप एका बाजूला फिरायला लागलं तर टॉर्क सेन्सरचा (स्टेअरिंगवरचा हाताचा जोर मोजणाऱ्या सेन्सरचा) शून्य बिंदू सरकला आहे. तो स्कॅनरने पुन्हा शिकवता येतो. मात्र काही ठिकाणी टायरची किंवा कास्टरची ओढ याच सेटिंगने दाबून टाकतात. गाडी सरळ जाते, पण मोटर सतत जोर लावत राहते आणि टायर बदलले की उलट्या बाजूची ओढ सुरू होते.

भाग बदलल्यावर मग अलाइनमेंट. जाताना हवा बरोबर भरून जा, डिकीतलं जड सामान काढा. मशीनवर चढवायच्या आधी बुश, बॉल जॉइंट आणि चाकाच्या बेअरिंगचा प्ले तपासायला लावा, कारण ढिल्या भागांवर घेतलेलं माप गाडी खाली उतरताच बदलतं. मागच्या चाकांवरही सेन्सर लावायला सांगा. मागचा ॲक्सल तिरका असेल तर तो तेव्हाच कळतो. काम सुरू होण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा, असे दोन कागद मागा, त्यात कॅम्बर आणि कास्टर छापलेले हवेत. नंतर त्याच सपाट रस्त्यावर, त्याच ५० ते ६० च्या वेगात पुन्हा एक फेरी मारा आणि कागद गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या वेळी मोठ्या खड्ड्यात चाक आपटलं की कोणता आकडा हलला, ते याच कागदाशी ताडून पाहता येईल.